कडुलिंबाखालची जागा

आमच्या आठवडी बाजारात सखूमावशी वर्षानुवर्षं कडुलिंबाच्या सावलीत भाजी विकायची. परवा ती गटाराशेजारी भर उन्हात बसलेली दिसली.

"मावशी, इथं का गं?"

मेथीवर पाणी शिंपडत ती म्हणाली, "आमच्या गल्लीची मतं दुसरीकडं पडली ना, बाई."

हुकूम कुणीच काढला नव्हता. सावलीत आता नव्या सरपंचाची चुलती बसली होती आणि साऱ्या बाजारानं ते मुकाट मान्य केलं होतं. अर्थव्यवस्था आणि राजकारण हे मी शाळेत दोन वेगळे धडे म्हणून शिकवते. इथं सावलीच्या एवढ्याशा तुकड्यावर दोन्ही मांडीला मांडी लावून बसले होते. नुसता संताप संताप झाला.

पण गटाराच्या वासात उभं राहवेना, म्हणून मेथी मी सावलीतच जाऊन घेतली.