सेलबाईचे वीतभर खुंट

माझ्या धाकट्या बहिणीला वनखात्याच्या कचेरीत सगळे सेलबाई म्हणतात. जंगलात झाडांना अठरा कॅमेरे बांधलेले आहेत; समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो निघतो. त्यांचे सेल बदलायचे आणि फोटोंचं कार्ड काढून आणायचं, हे तिचं काम. चौदा वर्षं करते आहे. पाठीवर पिशवी, पिशवीत सेल आणि तोंडात उत्तर तयार. मी तिचा थोरला भाऊ, सुतार. हल्ली नातवंडांना लाकडी गाड्या करून देण्यापुरताच उरलोय, पण एका वर्षी तिनं मला खऱ्या कामाला जुंपलं.

वाघाटी म्हणजे घरच्या मांजराहूनही लहान, ठिपक्यांचं रानमांजर. दोन वर्षांत एकाही कॅमेऱ्यात आलं नव्हतं. कचेरीतल्या साहेबांनी अहवालात लिहूनही टाकलं होतं, ‘या भागात वाघाटी उरलेली नाही.’ हा कागद वर गेला की जंगल आणि गाव यांच्या मधला काटेरी, खडकाळ माळ साफ करून तिथे गोदामं उभी राहणार होती.

सेलबाई टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

“साहेब, वाघाटी आहे. माळावर आहे.”

“ताई, माळावर नुसते दगड आणि काटे. एवढं दाट जंगल सोडून तिथे राहायला तिला वेड लागलंय का?”

“जंगलात कोण असतं?”

“बिबटे.”

“आणि गावाकडच्या शेतांत?”

“कुत्री. कोल्हे.”

“म्हणजे दोन्हीकडे दांडगे बसलेत. मग लहान जिवानं जायचं कुठे? दांडग्यांचं अंग जिथे शिरत नाही, तिथेच ना? माळावर दगडांच्या फटी आहेत, वर काट्यांचं छप्पर आहे, उंदीर तर विचारू नका.”

“मग आजवर फोटो कसा नाही?”

“आपण कॅमेरे झाडाला बांधतो. माळावर झाड आहे कुठे?”

साहेबांनी अहवाल बाजूला सरकवला. माणूस वाईट नव्हता, फक्त खुर्चीतून उठायचा नाही. दोन कॅमेरे आणि तीन आठवडे त्यांनी दिले.

आता हे शहाणपण तिला कुठून आलं, ते मला विचारा. आम्ही चार भाऊ आणि ही शेंडेफळ. जेवायला बसलो की आमचे हात हिच्या ताटात. एक दिवस बाई ताटासकट गायब! आई शोधून दमली. ही कुठे, तर धान्याची पोती आणि भिंत यांच्या मधल्या फटीत, आरामात जेवत बसलेली. मी आत डोकं घातलं आणि खांदेच अडकले. भावांनी पाय धरून ओढलं तेव्हा सुटलो. आत अंधार होता, धूळ होती, मुंग्या होत्या. पण ताट अख्खं तिचं होतं.

तर ती माझ्याकडे आली. “दादा, कॅमेरे बांधायला दोन खुंट कर. वीतभर उंच.”

“वीतभर? खुंट हवाय की पाटाचा पाय?”

“वाघाटी काय उंटावर बसून येणार आहे?”

केले बाबा! रंधा मारून गुळगुळीत केले. माळावर ठोकायलाही गेलो. काट्यांनी आधी माझी टोपी घेतली, मग बाही. “तू बाहेरच थांब,” ती आतून ओरडली, “तुझे खांदे मला माहीत आहेत.”

दहा दिवसांनी कार्ड काढलं. अकराशे फोटो, सगळे हलणाऱ्या गवताचे. साहेब हसून म्हणाले, “ताई, गवताची मोजणी उत्तम झाली.” ती विळा घेऊन गेली, कॅमेऱ्यांसमोरचं गवत कापलं आणि दोन्हींची तोंडं दोन धोंड्यांच्या मधल्या फटीकडे वळवली.

शेवटच्या दिवशी साहेबांच्या खोलीत आम्ही तिघं. पहिल्या फोटोत एक कोल्हा काट्यांत नाक घालून उभा. दुसऱ्यात त्याचीच माघारी वळलेली शेपूट. पुढचे चार फोटो मात्र नुसते करडे, धूसर.

“कॅमेरा गेला,” साहेब म्हणाले.

“थांबा साहेब. हे केस आहेत.”

सातव्या फोटोत उलगडा झाला. वाघाटी आता समोरच्या, माझ्या दुसऱ्या खुंटाला गाल घासत होती! अंगावरचे ठिपके मोजून घ्यावेत इतके स्पष्ट. आणि मागे, फटीच्या तोंडाशी, दोन पिल्लं.

साहेब खुर्चीतून उठले. मी स्वतः पाहिलं. उभ्या उभ्याच त्यांनी ‘उरलेली नाही’वर काट मारली आणि वर लिहिलं, ‘पिल्लांसह आहे. माळाला हात लावू नये.’ मग माझ्याकडे वळले. “आजोबा, असे आणखी किती खुंट होतील?”

“खुंट कितीही करतो,” मी म्हटलं, “ठोकायला मात्र हिलाच पाठवा.”

माळ अजून जागच्या जागी आहे. परवा तिच्याकडे जेवायला गेलो होतो. बाईंना आता स्वतःची नात आहे, तरी भिंतीला पाठ लावूनच बसतात. मी गमतीनं हात जरासा पुढे केला. बोलता बोलता, माझ्याकडे न बघता, तिनं ताट स्वतःकडे सरकवलं.