खुंटीवर ताणलेला रेसिंग सूट

पन्नास मीटर पोहायला मला साडेपस्तीस सेकंद लागायचे आणि कॉलेजच्या संघात जायचं तर चौतीसच्या आत यावं लागणार होतं. दीड सेकंद कमी करायचे होते. एवढ्या वेळात आमच्या घरी कुणाची चूळही भरून होत नाही.

मी परभणीत बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव गंगाखेडच्या पुढं, गोदावरीच्या काठाला. घरी मेंढरं आहेत. कॉलेजात गेलेला घरातला मी पहिलाच, त्यामुळं माझं कॉलेजात काहीही झालं तरी घरी त्याची बातमी होते. पास झालो तरी बातमी आणि खोकला झाला तरी बातमी. संघात निवड झाली असती तर विद्यापीठाच्या स्पर्धेला जायला मिळालं असतं आणि पाठीवर कॉलेजचं नाव असलेलं जाकीट मिळालं असतं. खरं सांगायचं तर मला ते जाकीट फार हवं होतं. ते घालून आपण गावात एसटीतून उतरतोय, हे मी कितीतरी वेळा मनात बघितलं होतं. उन्हाळ्यातसुद्धा.

पोहायला मी नदीत शिकलो, मेंढरं धुताना. लोकर कातरायच्या आधी मेंढरं डोहात घालून पलीकडच्या काठाला न्यायची असतात, म्हणजे लोकरीतली माती निघते. एखादं मेंढरू मधेच फिरलं की त्याच्या मागं आपण जायचं. त्यामुळं माझं पोहणं मेंढरू अडवायच्या कामाचं होतं, म्हणजे मान वर आणि डोळे चारी दिशांना. आमच्या क्रीडा शिक्षकांनी ते पहिल्या दिवशी जलतरण तलावावर पाहिलं आणि विचारलं, "कुणाला शोधायलास का?"

सकाळी सहाच्या बॅचला एक काका यायचे. एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले, वय एकसष्ट, पोट जरासं पुढं. प्रौढांच्या स्पर्धांत ते नेमानं उतरायचे. पुण्याच्या लेकीनं त्यांना एक रेसिंग सूट पाठवला होता. काळा, बेंबीपासून गुडघ्यापर्यंत, आणि काकांच्या मापापेक्षा एक नंबर लहान. तो तसाच घ्यायचा असतो, असं लेकीचं म्हणणं.

तो घालणं हा एक कार्यक्रम असायचा. आधी पायाला प्लॅस्टिकची पिशवी बांधायची, म्हणजे कापड सरकतं. मग बाकावर बसून गुडघ्यापर्यंत, उभं राहून मांडीपर्यंत आणि भिंतीला टेकून, श्वास आत घेऊन कमरेपर्यंत. वीस मिनिटं सहज जायची. तलावावरचे जीवरक्षक बाहेरून हाक मारायचे, "काका, शर्यत संपून लोक घरी गेले. तुमी अजून कपडेच घालायलाव."

"गाडी डेपोतून नीट निघू दे की," आतून आवाज यायचा. "रस्त्यात बंद पडली तर धक्का तू मारणार हायस का?"

सूटामुळं दोन सेकंद वाचतात असं काकांचं ठाम मत होतं. मला ते पटत नव्हतं, पण मोठ्या माणसाला कसं सांगायचं. मी लायब्ररीत बसून मोबाइलवर वाचलं. घट्ट कापड अंगाचा थुलथुलीतपणा दाबून धरतं, पाणी शोषत नाही, त्यामुळं पाण्याचा अडथळा कमी होतो, असं काही लोकांचं म्हणणं होतं. निम्मा फरक मनाचा असतो, असं म्हणणारेही होते. शेवटी मी घाबरत घाबरत म्हणालो, "काका, मोजून बघू या का?"

"बघ की. मी काय मीटर बंद ठेवून रिक्षा चालवायलोय का?"

तीन दिवस काका सूट घालून पोहले आणि तीन दिवस जुन्या चड्डीवर. घड्याळ आणि वही माझ्याकडं. सूटाच्या दिवसांची वेळ खरोखर साधारण दीड सेकंदानं कमी आली. पण मला आणखी एक गोष्ट दिसली. चड्डीच्या दिवशी काका पलीकडच्या भिंतीला वळताना ओळखीच्या माणसाला हात करायचे, एकदा तर त्यांनी "नाष्टा झाला का" असंही विचारलं. सूटाच्या दिवशी ते कुणाकडं बघत नव्हते. हे मी वहीत तसंच लिहिलं. काकांनी वाचलं आणि म्हणाले, "शिकलेल्या पोराला चहा पाजला की असं होतंय." मग वही परत देत म्हणाले, "आता तू घालून बघ."

माझ्या अंगाला तो सूट बेताचा घट्ट बसला. मी पोहलो. चौतीस पॉइंट दोन. दोन दशांशांनी मी अजून बाहेर होतो, पण साडेपस्तीसवरून इथं आलो होतो.

निवड चाचणी सोमवारी होती. काका म्हणाले, "घरी घेऊन जा, नदीत घालून सवय कर. फक्त साबण लावू नको, पिळू नको आणि उन्हात टाकू नको." मी तिन्ही गोष्टी पाठ केल्या.

शनिवारी दुपारी घरी पोचलो आणि सूट दाखवला. माय हसायलाच लागली. "कुणाच्या लेकराचं हाय हे?"

"एकसष्ट वर्षांच्या माणसाचं."

"माणूस हाय का बाहुली?"

अप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, तो हातात घेऊन लोकर तपासतात तसा दोन बोटांत चोळला. "आटलंय," ते म्हणाले.

"न्हाई अप्पा, ते असंच असतंय."

"कोणतंच कापड आपल्या मनानं असं नसतंय."

मी विषय सोडून दिला. साबण, पिळणं आणि ऊन या तिन्ही गोष्टी त्यांना सांगितल्या, सूट त्यांच्याजवळ दिला आणि त्यांना आराम मिळावा म्हणून मेंढरांमागं गेलो. रविवारी सकाळी मी सूट मागितला तेव्हा अप्पा म्हणाले, "मागं ताणायलाय."

आमच्याकडं नवी घोंगडी ओली झाली की आटते. म्हणून ती चारी बाजूंनी खुंट्या ठोकून, ओली असतानाच ताणून वाळवतात. घराच्या मागं, बाभळीखाली, अप्पांनी काकांचा रेसिंग सूट त्याच पद्धतीनं ताणला होता. कंबर खोडात ठोकलेल्या दोन खुंट्यांना अडकवलेली आणि प्रत्येक पायाला दोन विटा लोंबकळत होत्या. साबण लावलेला नव्हता, पिळलेला नव्हता, आणि पूर्ण सावलीत होता.

"कवाधरनं?" मी विचारलं.

"काल तू गेल्यापासून. आता बघ, कसा सैल झालाय."

अप्पांच्या तोंडावर इतकं समाधान होतं की रागवायचं कुठून सुरू करावं ते कळेना. मी सूट घेऊन नदीवर गेलो, अप्पाही मागोमाग आले. सूट प्लॅस्टिकच्या पिशवीशिवाय, एका झटक्यात चढला, तेव्हाच काय झालंय ते मला कळलं. पाण्यात उडी मारली तर सूटाच्या दोन्ही पायांत पाणी शिरून त्यांची पोती झाली. चार हात मारून मी परत काठाला आलो.

अप्पा उकिडवे बसून बघत होते. मग हळू म्हणाले, "पाणी धरायलंय."

"व्हय."

"आधी धरत नव्हतं?"

"न्हाई. म्हणून तर घालायचा असतोय."

त्यांनी मान खाली घातली. अप्पांना मी असं क्वचितच पाहिलंय. मग त्यांनी विचारलं, "ह्याच्या आधी काय घालून पोहत होतास?"

मी पिशवीतून माझी निळी हाफपँट काढून दिली. बाजूला दोन खिसे, मागं एक, आणि घेर एवढा की त्यात आणखी एक जण मावला असता. अप्पांनी ती उलटीपालटी केली, खिसे बाहेर ओढले आणि माझ्याकडं असं बघितलं की मला लाज वाटली.

"हे तर न कातरलेलं मेंढरू हाय," ते म्हणाले. "अंगावर लोकर असताना मेंढरू डोहात निम्म्यात दमतंय. तेच कातरून घाल, तुझ्या आधी पलीकडं जातंय. हे कळायला कॉलेज कशाला लागतंय?"

मला आमच्या भौतिकशास्त्राच्या तासाची आठवण झाली. हेच सांगायला तिथं सरांनी खडूनं दोन फळे भरले होते.

घरी येऊन अप्पांनी मेंढरं कातरायची कातर काढली. तिन्ही खिसे गेले, घेर गेला, गुडघ्याकडची झालर गेली. मग मायनं ती पँट माझ्या अंगावरच दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून शिवून काढली. निळा दोरा नव्हता म्हणून लाल दोऱ्यानं. "श्वास घेता येतोय का?" तिनं विचारलं. मी म्हणालो, थोडा. "मग बरोबर हाय," अप्पा म्हणाले. निघताना त्यांनी मला थांबवलं. "त्या माणसाला म्हण, चूक माझी हाय. तुझी न्हाई."

सोमवारी सकाळी काकांना काय सांगायचं ते मी एसटीत पाठ करत गेलो आणि तलावावर पोचल्यावर सगळं विसरलो. नुसता सूट पुढं केला. काकांनी तो हातात धरला, ताणला, सोडला. तो पहिल्यासारखा आखडला नाही.

"कुणी केलं?"

"अप्पांनी. घोंगडीवाणी ताणला. चूक माझी हाय म्हणालेत."

काका सूट घेऊन आत गेले. मी बाहेर वहीची पानं उलटत उभा राहिलो. दोन मिनिटांत दार उघडलं आणि काका सूट घालून बाहेर आले. जीवरक्षकांनी मनगटावरचं घड्याळ कानाला लावून बघितलं.

"घड्याळ धर," काका मला म्हणाले आणि त्यांनी उडी मारली.

माझ्या अंगावर ज्या सूटाची पोती झाली होती, तो काकांच्या पोटानं आणि मांड्यांनी छान भरून काढला होता. त्यांची वेळ आधीच्या सूटाच्या दिवसांपेक्षा दोन दशांशांनीच जास्त आली. जुन्या चड्डीपेक्षा तर कितीतरी कमी. वळताना त्यांनी कुणाला हात केला नाही. वर येऊन धापा टाकत ते म्हणाले, "बरा झालाय. आता पोटालाबी जागा हाय. तुझ्या अप्पाला म्हणावं, काम चोख हाय." थोड्या वेळानं म्हणाले, "लेकीला मात्र सांगू नको."

माझी चाचणी आठ वाजता झाली. बाकीचे तिघे खऱ्या सूटात होते. मी लाल दोऱ्यात. मान खाली ठेवायची, इथं एकही मेंढरू नाही, असं मी स्वतःला सांगत राहिलो. शेवटच्या दहा मीटरला मान एकदा वर आलीच, ती जुनी सवय. भिंतीला हात लागला तेव्हा सरांनी घड्याळ दोनदा बघितलं.

"तेहतीस पॉइंट आठ," ते म्हणाले. मग माझ्याकडं बघून, "सूट कुठंय रे तुझा?"

"हाच सर. घरी कातरलाय."

ती वेळ मी वहीत लिहून ठेवली आहे, पण खाली कारण लिहायची जागा अजून कोरी आहे. पँट हलकी झाली होती, मी घाबरलो होतो, काका काठावर उभे होते आणि अप्पांची खाली घातलेली मान मला दिसत होती. एका प्रयोगात एवढ्या गोष्टी बदलल्या तर त्यातून काही सिद्ध होत नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षालाच शिकवलंय.

अप्पांना फोन केला. त्यांनी वेळ विचारली नाही. म्हणाले, "पाणी धरलं का?"

"न्हाई अप्पा."

"मग झालं की."

पंधरा दिवसांनी जाकीट मिळालं. मी ते घालूनच एसटीतून उतरलो. माझ्या मापाचं संपलं होतं म्हणून दोन नंबर मोठं मिळालं होतं, बाह्या बोटांच्या खाली येत होत्या. मायनं पाठीवरच्या अक्षरांवरून हात फिरवला. अप्पांनी बाही दोन बोटांत धरून चोळली आणि चुलीवरच्या गरम पाण्याच्या पातेल्याकडं बघितलं.

"आटवायचं का?"

मी जाकीट अंगातून काढलं नाही. जेवायला बसलो तेव्हाही नाही.