चिन्नोरातला पासपोर्ट आणि काकूचे दिरहम

दुकानदारानं भाव सांगितला आणि आपण मुकाट मान हलवली, तर त्याला खरेदी म्हणायचं की शरणागती? बालाघाटहून परदेशी नोटा घ्यायला नागपूरला निघाले, तेव्हा हाच प्रश्न घेऊन मी बसमध्ये चढले.

शेजारी शीलाकाकू होती. लेकीच्या बाळंतपणासाठी ती पुढच्या आठवड्यात दुबईला जाणार होती. विमानतळावर नोटा महाग पडतात, म्हणून साठवलेल्या रुपयांचे दिरहम (तिथलं चलन) आधीच घ्यायचे होते.

"जावई चांगला हाये वं," काकू म्हणाली, "पण चहा प्याले बी त्याच्यापुढं हात पसरू का मी?"

वैनगंगेच्या पुलावर धुकं होतं. वारासिवनी मागे पडली, कापणी झालेल्या धानाच्या बांध्या (शेतं) सरकत राहिल्या. मध्य प्रदेश मागे पडून तुमसरला पाट्या मराठी झाल्या आणि काकूला भूक लागली. डब्यातल्या पुऱ्या भंडाऱ्याच्या आतच संपल्या, म्हणून नागपूरला उतरल्याबरोबर तर्री-पोहे (झणझणीत रस्सा घातलेले पोहे) खाल्ले. नाक पुसत आम्ही पहिल्या दुकानात शिरलो.

"दिरहम आणले तर कितीला घ्याल? आणि आम्हाला कितीला द्याल?" मी विचारलं. या दोन भावांतलं अंतर म्हणजे आपल्या खिशातून जाणारा पैसा. तिथं ते अंतर चांगलंच रुंद होतं. दुसऱ्या दुकानात भाव गोड, पण वर सेवाशुल्क वेगळं. तिसऱ्या दुकानात भिंतीवर परवाना, पाटीवर दोन्ही भाव. "कर-बिर सगळं धरून एकूण किती रुपये द्यायचे?" या प्रश्नाला काउंटरवरच्या ताईंनी सरळ एक आकडा सांगितला. तोच सगळ्यांत कमी होता.

"पासपोर्ट द्या."

काकूनं झेरॉक्स पुढे केली.

"मूळ पासपोर्ट लागतो, काकू."

"तो घरी हाये. तांदळात."

आमच्याकडे मोलाची वस्तू तांदळात पुरून ठेवतात. चोराच्या हाती लागत नाही, ओल धरत नाही. मी घरी फोन लावला.

"कोणत्या डब्यात?" काका ओरडले. "जाड्या तांदळाच्या का वासाच्या चिन्नोरच्या?"

"चिन्नोरच्या! अन् सांडू नका!"

काकांनी पासपोर्ट दुपारच्या बसच्या ड्रायव्हरकडे दिला. आम्ही बाहेर येतो न येतो तोच एक माणूस जवळ आला. "आंटी, पासपोर्ट-वासपोर्ट छोड़ो. रेट भी इनसे कम लगाऊँगा. बस, रसीद मत माँगना."

काकू थबकली. "स्वस्त देऊन राह्यला ना वं. काहून नाही घ्यायचं?"

"पावतीशिवाय घेणं म्हणजे चोरीला हातभार!" माझा आवाज चढला. "आणि नोट खोटी निघाली, तर दुबईत कोणापुढे नेशील? जावयापुढेच ना?"

काकूनं पर्स काखेत घट्ट धरली अन् चालू लागली. चार पावलांवर मात्र मला टोमणा मारलाच, "ड्रायव्हरजवळून पावती घेतली का वं तुया काकानं?"

"त्या ड्रायव्हरचं घर ठाऊक आहे आपल्याला. या माणसाचं नाव तरी माहीत आहे का?"

"हौ, तेही खरं."

दुपार उतरता बस आली. ड्रायव्हर हसत म्हणाला, "काकी, पासपोर्ट है कि पुलाव? पूरी केबिन महक रही है."

धावतपळत दुकान गाठलं. ताईंनी पासपोर्ट उघडला, तर दोन दाणे टपकन काउंटरवर पडले. सकाळचाच भाव अजून पाटीवर होता. हातात नोटा आल्या, पावतीही आली. "थोड्या बारक्या नोटा द्या वं," काकू म्हणाली, "चहाच्या."

परतताना वैनगंगेवर अंधार पडला होता. काकू पर्सवर हात ठेवून बसली होती. "आता जावयालेच चहा पाजीन मी."

मी चळवळीची पत्रकं वाचत वाढले. हक्क मोठ्या आवाजात मागायचे असतात, एवढं त्यांतून शिकले. त्या दिवशी कळलं की काउंटरवर नीट विचारलेले दोन प्रश्नही पुरतात. तेव्हा वाचकहो, नोटा घ्यायला जाल तेव्हा दोन्ही भाव विचारा, एकूण रक्कम विचारा आणि पावती हातात पडेपर्यंत काउंटर सोडू नका. पण त्याआधी, आजच, तांदळाच्या डब्यात हात घालून पासपोर्ट बाहेर काढा.