शेडमधलं विमान

दादा वेल्ह्याला एका घराच्या चौकटी बसवायला गेला होता. तिथंच छातीत कळ आली… फोन आला तेव्हा मी भोरच्या दवाखान्यात ड्यूटीवर होते. दादा गेला, त्याला महिना होऊन गेला. भेटायला येणारे अजून विचारतात, "त्या इमानाचं आता काय करणार?"

माझा भाऊ सुदाम आंबवड्याचा सुतार. दारं-खिडक्या करून प्रपंच चालवला. पन्नाशीत त्यानं दोन माणसांच्या छोट्या विमानाचे नकाशे मागवले आणि घरामागच्या शेडमध्ये त्याचं लाकडी धड बांधायला घेतलं. इंग्रजी जेमतेम, अडलेला शब्द मला फोनवर अक्षरं लावून सांगायचा. विमानात तो कधी बसला नव्हता, मीही नाही. पण चार वर्षांत बारीक पट्ट्यांचा लांबलचक सांगाडा उभा राहिला. तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी चपला बाहेर काढून आत गेले… का, ते सांगता येणार नाही.

गोंद कालवला की त्यानंच लाकडाचे दोन तुकडे चिकटवायचे आणि दुसऱ्या दिवशी मोडून बघायचे, हा त्याचा नेम. लाकूड फाटलं तर सांधा पक्का. एका रविवारी फळीमागं पडून मोडायचा राहिलेला असाच एक जुना तुकडा त्याला सापडला. मोडला, तर लाकूड शाबूत आणि गोंद सरळ सुटलेला. त्याच गोंदानं धडाची सगळी डावी बाजू जोडलेली होती.

मी म्हटलं, "दादा, बाकीचं घट्ट असेल. कुणाला दिसणार आहे?"

"बसणाऱ्याला दिसत न्हाई, म्हणून तर," तो म्हणाला आणि करवत घेतली.

दीड वर्षाचं काम त्यानं दुपारपर्यंत कापून काढलं. चेहऱ्यावर राग नव्हता. लतावहिनी चहा घेऊन आली, कप बाजूला ठेवला आणि खाली बसून पट्ट्या गोळा करू लागली. सोमवारी त्यानं नवी पट्टी रंध्याखाली घेतली.

धड पुरं झालं. पंख राहिले…

परवा आम्ही दोघी शेड झाडायला गेलो. वहिनी त्या विमानात कधी बसली नव्हती. भ्या वाटतं म्हणायची. त्या दिवशी तिनं साडी सावरली, माझा खांदा धरला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. वहिनी ठेंगणी, दादा सहा फुटी.

"पाय पॅडलांना पोचतात का?" मी विचारलं.

"पोचत्यात की," ती नवलानं म्हणाली.

मी वाकून पाहिलं. पुढच्या पॅडलांवर लाकडी ठोकळे बसवले होते, तासून गुळगुळीत केलेले. सुतार माप लिहितो तसं त्यावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'लता'.

वहिनीला सांगितलं. ती बराच वेळ खाली उतरली नाही.