साळूचा हिरवा चुडा

सून सासऱ्याशी बोलत न्हाई, ही आमच्या घरची रीत. आग लागो त्या रितीला! आई गेली, मी कपाळ पुसून म्हायेरी आले, तवापास्नं माझा बाप आन माझी भावजय साळूबाई यांच्या मधली मीच. "वन्सं, मामंजीस्नी इचारा, भाकरी वाढू का?" आन मामंजी दोन हातांवर बसल्यालं! आबा म्हणायचं, "बया, तिला सांग, कालवणात मीठ कमी हाय." ती काय भैरी हुती व्हय?

आबा म्हंजी हंबीरराव सुभेदार, पैल्या लढाईतलं. दसऱ्याला कोटावर बिल्लं लावून गावभर फिरायचं. धाकटा भाऊ सयाजी, साळूचा मालक, त्योबी पलटणीत. दुसरी लढाई मिटली तरी इंग्रजानं त्याची पलटण घरला सोडली न्हाई, जावा बेटाला धाडली. थितल्या लोकांनी नुकतंच आपलं राज केलं हुतं, आन त्यांचा जुना धनी, डच, म्हणत हुता आमचा मुलूख आमाला परत द्या. दुसऱ्याच्या भांडणात आमची पोरं. शेचाळीस साली तार आली, सयाजी बेपत्ता.

साळू महिनाभर रडली. मग सयाजीबरूबरचा धुळा, आटपाडीकडचा धनगर, रजेवर आल्याला, भेटून गेला आन तिचं रडं एकदम थांबलं. कपाळाला रुपयाएवढं कुंकू लावून कामाला लागली. मला वाटलं, पोरीचं डोकं फिरलं.

पुढं आपलं राज आलं. अठ्ठेचाळीस सरता सरता डचांनी जावावर पुन्ना इमानं घातली, गावं घेतली, माणसं धरली. दिल्लीचं आपलं सरकार अजून दुधाच्या दातांचं, पर त्यानं डचांच्या इमानांना आपल्या आभाळातनं जायाची बंदी केली. चावडीत पेपर वाचायचं, तवा आबा पैल्या रांगंत. त्याच आठवड्यात साताऱ्यासनं पोलीस आला. सयाजीचं पत्रबित्र येतंय का, इचारून गेला.

सांजच्याला आबा म्हणालं, "बया, तिला सांग. येत्या अवसंला सयाजीचा पुतळा जाळायचा, मेला म्हणून."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आवं, बेपत्ता माणसाची बारा वर्सं वाट बगायची असती! हितं तीन न्हाई झाली!"

"सांग म्हणतो, तर सांग."

साळू दाराआडच हुती. "वन्सं, मामंजीस्नी म्हणावं, माझ्या हातातलं काकण निघायचं न्हाई."

बापाला पोटच्या पोराला जाळायची एवढी घाई का, हेच मला कळंना. मी त्यांच्याशी बोलायचं सोडलं.

अवसंला कोयनाकाठी भट आला. दर्भाचा पुतळा केला, त्याला सयाजीचा खाकी सदरा घातला. भावकी जमली. बायांनी साळूला दगडापाशी बसवून तिचा हात धरला. तसा तिनं हिसडा दिला, उठली आन भावकीदेखत सरळ आबांच्या म्होरं जाऊन हुबी ऱ्हायली. मी मागनं धावले, म्हणून मलाच तेवढं ऐकू आलं.

"मामंजी, ते जित्तं हाईत. बंदूक टाकून जावाच्या लोकांत गेलं. धुळाभावजींनी हिरीवर सांगितलं, कुणाला बोलू नगं म्हणून भंडाऱ्याची आण घालून."

आबा हळूच म्हणालं, "ठावं हाय. मलाबी त्यानंच सांगितलं. तशीच आण घालून."

"मग जाळताय कशापायी?"

"डचांनी धरला, तर नावगाव इचारत हितवर येतील. पोलीस येऊन गेलाच की. मेल्या माणसाला कोण हुडकत न्हाई, पोरी. तू बोलली का न्हाईस?"

"तुमी सुभेदार. वाटलं, पलटणीला कळवशीला."

असल्या बापाला काय म्हणावं आन असल्या सुनंला काय म्हणावं! एका छपराखाली अडीच वर्सं, दोघांच्या पोटात एकच गोष्ट, आन मधी निरोप्या मी, मीठ आन भाकरीचं निरोप पोचवत!

साळू माघारी फिरली. दगडापाशी बसली, दोनी हात म्होरं केलं. "फोडा," म्हणाली. बांगड्या फुटल्या, कुंकू पुसलं, पाटलानं मयताच्या वहीत सयाजीचं नाव लिवलं. मी तिच्या गळ्यात पडून खरंखरं रडले, पुतळ्यापायी न्हवं.

वरीसभर ती पांढऱ्या कपाळानं राबली. हळदीकुकवाला बाया तिला टाळायच्या, तोंडावर म्हणायच्या, "नवऱ्याला गिळलं हिनं." ती पदर सावरून कामाला लागायची. आबा मातर चावडीतनं आलं की आता तिच्याशीच बोलायचं, "आज डच दोन पावलं मागं सरला," आन ती भाकरी थापता थापता हुंकार द्यायची.

थंडीत एक दिस पेपरात आलं, डचांनी निशाण उतरवलं. पंधरवड्यानं परमुलखाच्या तिकिटाचं पाकीट आलं. आत सयाजीच्या हातची वळ, "आबा, साळू हाय का अजून घरात?"

आबा तसंच उठलं आन कासाराला धरून आणलं. आळीतली बायामाणसं जमली. कासार बिचारा मागं सरला, "सुभेदार, इधवा बाईला हिरवा चुडा कसा भरू? मला पाप लागंल."

माझ्या बापाचा आवाज तवा पार वेशीपतोर गेला. "भर म्हणतो न्हवं! पलटणीतनं पळाल्याला हाय माझा ल्योक. पळपुट्याचा बाप हाय मी, घाला तोंडात शेण! पर त्यो जित्ता हाय!"

मग ते साळूकडं वळलं. "हात म्होरं कर, पोरी," म्हणालं, आन तिनं केलं.