लहानीचे डोळे

आमच्या सासरी, अकोल्याला, महालक्ष्म्यांचे मुखवटे मातीचे आहेत. दोघी बहिणी, मोठी आणि लहानी. वर्षभर पेटीत राहून त्यांचे डोळे पुसट होतात, म्हणून बसवण्याच्या दिवशी सकाळी ते पुन्हा रेखायचे. लग्न होऊन आले तेव्हापासून हे काम माझ्याकडे, कारण घरात चित्रकार मीच. जो हात डोळे उघडतो त्याच्यावर देवीची पहिली नजर पडते, असं सासूबाई सांगायच्या. बाकी देवधर्मात मला फारशी गती नाही. ती नजर मात्र मला हवी असायची.

नवरा गेला त्या वर्षी मोठ्या जाऊबाईंनी माझ्या हातातून ब्रश काढून घेतला.

"तू नको लावू वं हात. लोकं काय म्हणतीन?"

"लोकं का तुमी?"

त्यांनी ब्रश रंगात बुडवला. डोळे त्यांनीच काढले. शेजारची काकू दर्शनाला आली आणि पदराआड हसली, "वं माय, मोठी लहानीकडे पाहून राहिली, न लहानी सैपाकघराकडे!"

माझ्या जिवाला थंडावा मिळाला.

अमरावतीला माझ्या घरी परतले आणि कामाला लागले. तोवर मी चिखलदऱ्याचे देखावे काढून विकायची. ते बंद केले. मोठे कॅनव्हास आणले आणि नुसते मुखवटे रंगवले. मळवट, नथ, ओठ, सगळं जिथल्या तिथे. डोळ्यांच्या जागी कोरं कापड. संतापानं मला जे शिकवलं ते चित्रकलेच्या वर्गात कुणी शिकवलं नव्हतं. प्रदर्शन भरलं तेव्हा एका गृहस्थांनी अदबीनं विचारलं, "ही निराकाराची साधना म्हणायची का?"

"नाही," मी म्हटलं, "हा माझ्या जावेचा सत्कार आहे."

पुढल्या भादव्यात जाऊबाईंचा फोन आला. पुतणीचं लग्न जमलं होतं आणि व्याही जेवायला येणार होते. "तेवढे डोळे नीट करून दे बाई."

मी गेले. साड्या नेसवायला गल्लीतल्या बाया जमल्या होत्या. मी पाटावर बसले, रंग कालवला आणि ब्रश खाली ठेवला.

"आधी मले हळदीकुंकू लावा."

"सगळ्यांसमोर?"

"ब्रश काढून घेतला तवा सगळेच होते."

जाऊबाईंनी करंडा आणला. त्यांनी घाईघाईनं बोट टेकवलं आणि कुंकू माझ्या नाकावर सांडलं. मी पुसलं नाही.

मग लहानीला मांडीवर घेतलं. डावा डोळा, उजवा डोळा, बुबुळं. तिनं पाहिलं. घरात वावरताना, चूल पेटवताना, नवऱ्याच्या आजारपणात मी जी होते ती तिला दिसत असावी असं वाटलं, आणि मी तिच्याकडे काहीच मागितलं नाही. ब्रश धुतला, चिंधीला पुसला, पिशवीत ठेवला.

"न मोठी?" जाऊबाईंनी विचारलं.

"मोठीचे डोळे मोठीनं काढले हायेत. मी काहून मोडू?"

दुसऱ्या दिवशी जेवायला आलेल्या व्याह्यांनी दोघींना हात जोडले आणि ते मोठीपाशी जरा घुटमळले. मी पहिल्या पंगतीत बसून आंबील दोनदा मागून घेतली. जाऊबाईंनीच वाढली.

यंदाही त्यांचा फोन आला होता. मोठी अजून तिरळीच आहे. लहानीसाठी येते म्हणाले.