बाबूअण्णांचं पंचवीस किलोचं वीस किलो

काट्याचं पारडं खाली गेलं ते वर यायलाच तयार नव्हतं. एका बाजूला आमचं सरकारी वीस किलो, दुसऱ्या बाजूला बाबूअण्णांच्या दुकानातलं वीस किलो. आमच्या बाजूला एक-एक किलो चढवत गेलो तेव्हा कळलं, अण्णांचं वजन पाच किलो जास्त आहे.

सत्तरच्या दशकात मी सांगली जिल्ह्यात वजनमापं निरीक्षक होतो. नोकरी नवी, रुबाब त्याहून नवा. काम सोपं: लोखंडी वजनाच्या पोटात शिसं भरून ते बरोबर करतात, त्या शिशावर आम्ही शिक्का मारतो. शिक्का नसलेलं वजन दुकानात दिसलं की जप्त.

आणि वजन जड असलं तर गुन्हा मोठा. अण्णा शेतकऱ्यांकडून भुईमूग घ्यायचे. वजन जड म्हणजे शेतकऱ्याची शेंग जास्त जाते, पैसे तेवढेच.

आटपाडीचा बाजाराचा दिवस होता. मी मुद्दाम मोठ्या आवाजात जाहीर केलं, "हे वजन खोटं आहे. पंचनामा करतोय." पोती घेऊन आलेले लोक भोवती जमले. आमचा शिपाई महादू चहा सांगायला गेला होता, म्हणून मीच कागद काढला.

बाबूअण्णा साठीचे, काडीसारखे, पांढरी टोपी. चाळीस वर्षं त्या पेठेत त्यांच्या काट्याकडं कुणी वाकून बघितलं नव्हतं. आता एकानं आपलं पोतं हळूच मागं ओढलं. अण्णांनी ते बघितलं. चेहरा उतरला.

"सायब, ते तोलायचं न्हाई. व्यायामाचं हाय."

मी हसलो. व्यायाम कोण करतं, असं विचारलं.

"मीच की."

मी आणखी हसलो. म्हटलं, करून दाखवा.

त्यांनी टोपी काढून गादीवर ठेवली, धोतराचा काचा मारला. वजन दोन पायांच्या मध्ये ठेवलं, कडीत हात घातला आणि कमरेच्या एका हिसक्यानं ते झोपाळ्यासारखं पुढं नेलं. परत मागं, परत पुढं. तिसऱ्या झोक्याला ते डोक्यावर उभं. हात सरळ, श्वास शांत. मग ते छातीशी धरून बैठका सुरू केल्या. लोक मोजायला लागले. "लय भारी, अण्णा," कुणीतरी ओरडलं. पोतं मागं ओढणारा सगळ्यांत पुढं येऊन मोजत होता.

खाली ठेवल्यावर अण्णांनी सांगितलं की तालमीत जायला सवड होत नाही. म्हणून सकाळी दुकान उघडायच्या आधी हे एक वजन, बैठका आणि जोर. दुसरं काही लागत नाही. वीस किलो हलकं वाटायला लागलं, तेव्हा लोहाराकडून बुडाला शिशाची चकती बसवून घेतली, वर काळा रंग मारला.

मला पटायला हवं होतं. पण मी निरीक्षक. म्हणालो, "पैलवान असाल, पण वजन दुकानात सापडलं. जप्त."

आणि एका साठीच्या माणसानं उचललेलं वजन पंचविशीतल्या सरकारी अधिकाऱ्याला काय जड, या हिशेबानं मी पाय ताठ ठेवून, एका हातानं, ऐटीत खेचलं.

कमरेत काडकन आवाज झाला. वजन जागेवर राहिलं, मी मात्र वाकलेला तसाच राहिलो. वर येता येईना, खाली बसता येईना. मघाचा तो पोतंवाला म्हणाला, "सायब, पाच किलो चोरायला आमी काय आंधळं हाय व्हय? चोरणारा पावशेर चोरतोय."

तेवढ्यात महादू चहा घेऊन आला. माझ्याकडं बघून त्यानं आधी चहा बाजूला ठेवला, मग वजनाकडं बघितलं.

"हे व्हय? हे मीच आतल्या खोलीतनं आणलं की. तुमीच म्हणालासा, दिसंल ते वजन आण."

मी विचारलं, आतल्या खोलीतून कुठून?

"सतरंजीवरनं. शेजारी लंगोट वाळत हुता."

दोघा-तिघांनी मला उचलून शेंगांच्या पोत्यावर उताणं झोपवलं. मी पडल्या पडल्याच, आढ्याकडं बघत, मघाच्याच मोठ्या आवाजात जाहीर केलं की बाबूअण्णांचा काटा स्वच्छ आहे, चूक माझी आहे. लोक एवढे हसले की अण्णाही हसले. पोतंवाल्यानं आपलं पोतं सगळ्यांत आधी काट्यावर चढवलं.

नियम म्हणून ते वजन दुकानाबाहेर न्यायला सांगितलं. अण्णांनी ते एका हातात घेतलं, दुसऱ्या हातानं मला धरलं आणि दोघांनाही घरी नेलं. ओवा-मिठाचा शेक दिला आणि शेकता शेकता शिकवलं: गुडघे मोडायचे, ढुंगण मागं न्यायचं, पाठ सरळ, ओढायचं हातानं नाही, कमरेनं. चार दिवसांनी मी माणसासारखा चालायला लागलो.

सांगलीच्या आमच्या गोदामात जप्त केलेली जुनी शेराची वजनं धूळ खात पडली होती. कंबर बरी झाल्यावर ऑफिस उघडायच्या आधी मी त्यातलं सगळ्यांत छोटं उचलायला सुरुवात केली. महादू दारात उभा राहून विचारायचा, "सायब, ह्याचा पंचनामा करू का?"

एवढं शिकलो: वजन जप्त करण्याआधी ते कुठून आणलं ते विचारावं, आणि उचलण्याआधी गुडघे वाकवावेत. यातली पहिली गोष्ट खात्याच्या ट्रेनिंगमध्ये शिकवली होती.